चोवीस दिवसांत हातचा गेलेला खेळाडू: लॅरी बर्ड, इंडियाना आणि इंडियाना स्टेट

१९७५ च्या वसंतात अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या फ्रेंच लिक या जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावात अठरा वर्षांचा एक उंचच उंच मुलगा गावच्या सार्वजनिक कामांवर राबत होता. कचऱ्याची गाडी, गवत कापणं, रंगकाम, हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ हटवणं, पडेल ते काम तो करायचा. वर्षभरापूर्वी याच मुलाने हायस्कूलच्या शेवटच्या हंगामात सामन्यामागे सरासरी ३१ गुण आणि २१ रिबाउंड काढले होते. रिंगवर आदळून परतलेला चेंडू एका सामन्यात वीस-एकवीस वेळा आपल्याच हातात घ्यायचा, हे शाळकरी बास्केटबॉलमध्येही क्वचितच बघायला मिळतं. बास्केटबॉलमध्ये तेव्हा देशातलं आघाडीचं कॉलेज त्याने निवडलं होतं आणि चोवीस दिवसांत सोडूनही दिलं होतं. आता तो कुठल्याच कॉलेजात नव्हता.

हा मुलगा म्हणजे लॅरी बर्ड. पुढे तो बोस्टन सेल्टिक्सकडून तीन वेळा एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा विजेता झाला आणि ते सर्वांना ठाऊक आहे. इथे विषय त्याच्या आधीच्या वर्षाचा आहे: बलाढ्य इंडियाना युनिव्हर्सिटीच्या हातून तो निसटला कसा, आणि त्याच राज्यातल्या धाकट्या इंडियाना स्टेट युनिव्हर्सिटीने त्याला मिळवलं कसं. लहान कॉलेजाने मोठ्याशी टक्कर घेऊन खेळाडू आणल्याच्या गोष्टी बऱ्याच सांगितल्या जातात. त्यातल्या बहुतेकांत प्रशिक्षकाच्या गोड बोलण्याला सगळं श्रेय जातं. या प्रकरणात बोलण्यापेक्षा वेळ, माणसांची निवड आणि आधीच्या चुकीचं नेमकं वाचन जास्त कामाला आलं.

दोन कॉलेजं

ब्लूमिंग्टनच्या इंडियाना युनिव्हर्सिटीचे प्रशिक्षक बॉब नाइट. कडक शिस्तीचे, तापट, आणि खेळाची समज अफाट. स्कॉट मे, क्विन बकनर, केंट बेन्सन, बॉबी विल्करसन अशी फळी त्यांच्याकडे होती. १९७४-७५ च्या हंगामात हा संघ ३१ सामने जिंकला आणि एकच हरला. पुढच्या हंगामात ३२ पैकी ३२ जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. बर्ड ज्या संघातून निघून गेला, तो हा संघ. विद्यापीठात तीस हजारांहून जास्त विद्यार्थी होते.

टेरे होट हे वाबाश नदीकाठचं कारखान्यांचं शहर. तिथलं इंडियाना स्टेट मुळात शिक्षक घडवणारं कॉलेज. जॉन वुडन यांनी कॉलेज प्रशिक्षक म्हणून आपली पहिली दोन वर्षं, १९४६ ते १९४८, इथेच काढली आणि मग ते कॅलिफोर्नियाला जाऊन मोठे झाले. तेव्हापासून हे कॉलेज कुणाच्या तरी वाटेवरचं स्टेशन होतं. देशातल्या वरच्या गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एकदाही पाऊल ठेवलेलं नव्हतं. संघाची कामगिरी म्हणजे बारा-तेरा विजय आणि तितकेच पराभव. एक जमेची बाजू होती: १९७३ च्या अखेरीस उघडलेलं दहा हजारांवर प्रेक्षक बसतील असं नवंकोरं हुलमन सेंटर. ते भरायला मात्र कुणी नव्हतं.

सही मिळाली, मुलगा मिळाला नाही

१९७४ साली बर्डवर अनेकांचा डोळा होता. लुईव्हिलचे प्रशिक्षक डेनी क्रम यांनी त्याला एक पैज घातली होती: बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची स्पर्धा लावू, मी जिंकलो तर तू आमचं कॅम्पस बघायला यायचं. मुलगा जिंकला आणि गेला नाही. ही आठवण गंमत म्हणून सांगितली जाते, पण कॉलेजसाठी खेळाडूंची भरती करणाऱ्याने ती नीट ऐकावी. समोरचा मुलगा बुजरा होता, परक्या ठिकाणी जायला राजी नव्हता, आणि तो नकार तोंडाने न देता चेंडूने देत होता. घरापासून लांब जायची वेळ आली की या मुलाचं गाडं अडणार, हे तिथेच दिसत होतं.

फ्रेंच लिकपासून ब्लूमिंग्टन जवळ. गावाला नाइट यांच्या संघाचं वेड. गावचा मुलगा त्या लाल-पांढऱ्या जर्सीत दिसावा ही सगळ्यांची इच्छा होती. त्याने सही केली. गावाच्या हौसेने झालेला निर्णय आणि मुलाने स्वतः घेतलेला निर्णय कागदावर सारखेच दिसतात. त्यातला फरक हॉस्टेलवर पोचल्यावर कळतो.

ऑगस्टच्या अखेरीस तो ब्लूमिंग्टनला गेला तेव्हा त्याच्याकडे पैसे अगदी थोडे होते आणि कपडे त्याहून थोडे. खोलीत जोडीदार होता जिम विस्मन हा नवा खेळाडू. विस्मन भला मुलगा, आपले कपडे वापरायला द्यायचा. पण दुसऱ्याचे कपडे घालून वर्गात जाणाऱ्या मुलाला रोज सकाळी आपली परिस्थिती नव्याने आठवते. शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्क, राहणं, जेवण, पुस्तकं हे सगळं होतं. अंगावरच्या कपड्यांचं काही नव्हतं. वर्गांचा आकार मोठा, एका इमारतीतून दुसरीत जायला लांबलचक चाल, ओळखीचा एकही चेहरा नाही. वरच्या वर्गातल्या काही खेळाडूंनी नवख्यांना दिलेली वागणूकही त्याला खुपली.

आता तारखा बघा, कारण खरं पाणी तिथेच मुरतं. त्या काळी कॉलेज संघांचा अधिकृत सराव १५ ऑक्टोबरला सुरू व्हायचा. वर्ग सुरू होतात ऑगस्टच्या शेवटी. म्हणजे मध्ये सहा-सात आठवडे असे, की खेळाडू आवारात आहे पण संघ म्हणून काही नाही. मुलं आपापसात खेळतात, प्रशिक्षक बाजूला असतात. शहरात वाढलेल्या, बोलक्या मुलाला हे दिवस सुट्टीसारखे वाटतात. बर्डसारख्या मुलाला त्या आवारात ओळख देणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे चेंडू. तीच अजून सुरू झालेली नव्हती. सप्टेंबर संपायच्या आत तो निघाला. प्रशिक्षकांना सांगितलंसुद्धा नाही. रस्त्यावर अंगठा दाखवून मिळेल त्या गाडीने घरी आला. नाइट यांच्या हाताखाली एकाही अधिकृत सरावाला तो उभा राहिला नव्हता.

नाइट यांचा तापटपणा त्याला सोसला नाही असं सर्रास सांगितलं जातं. तारखा तसं म्हणत नाहीत. तो तापटपणा अनुभवायची वेळच आली नव्हती. मुलगा दुर्लक्षाने गेला. पुढे अनेक वर्षांनी नाइट यांनी स्वतः मान्य केलं की त्या वेळी बर्डला काय हवंय याकडे आपलं लक्ष नव्हतं आणि ती आपली मोठी चूक होती. एवढ्या दराऱ्याच्या माणसाने हे उघड बोलून दाखवलं, म्हणून आम्ही त्या कबुलीला मोल देतो.

चूक कुठे होते ते सरळ सांगता येतं. मोठ्या कॉलेजाच्या प्रशिक्षकाला सही मिळाली की त्याचं काम संपल्यासारखं होतं, कारण त्याच्या यादीत पुढची नावं थांबलेली असतात. पहिल्या दीड महिन्यात मुलाकडे कोण बघतंय याचं उत्तर कुणाकडेच नसतं. मुख्य प्रशिक्षक भाषणांत आणि पुढच्या वर्षीच्या मुलांमागे, सहायक गाडीत, वरिष्ठ खेळाडू आपापल्या विश्वात. गरीब घरचा मुलगा पैसे नाहीत असं म्हणत नाही. तो गप्प होतो, जेवायला उशिरा जातो, खोलीत बसतो, आणि एके दिवशी पलंग रिकामा दिसतो. या आठवड्यांत आठवड्यातून दोनदा एका ठरावीक माणसाने नुसतं भेटायचं, अभ्यासाचं न विचारता घरचं विचारायचं, एवढी साधी तजवीज असती तर हे प्रकरण कदाचित घडलंच नसतं.

मधलं वर्ष

घरी आल्यावर आई जॉर्जिया काही दिवस त्याच्याशी बोलली नाही. सहा मुलांचं घर तिने काबाडकष्टाने ओढलं होतं. नवरा-बायको विभक्त झालेले होते. हातात आलेली शिष्यवृत्ती मुलाने टाकली हे तिच्या जिव्हारी लागणं स्वाभाविक होतं. मग तो शेजारच्या वेस्ट बाडेनमधल्या नॉर्थवुड इन्स्टिट्यूटमध्ये गेला. एकेकाळच्या आलिशान हॉटेलात, सुमारे दोनशे फूट व्यासाच्या प्रचंड घुमटाखाली ते कॉलेज चालायचं. तिथेही तो काही आठवडेच टिकला. स्पर्धेचा दर्जा त्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. ब्लूमिंग्टन फार मोठं आणि नॉर्थवुड फार छोटं: दोन्ही टोकं त्याने सहा महिन्यांच्या आत बघून घेतली.

नंतर गावची नोकरी. ही नोकरी त्याला मनापासून आवडायची, हे त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. मित्रांबरोबर काम, हातात थोडे पैसे, संध्याकाळी हौशी संघाकडून खेळणं. बाहेरून भरती करायला येणाऱ्याची इथे फसगत होते. कचऱ्याच्या गाडीवरचा मुलगा म्हणजे दुःखी मुलगा, आपण त्याची सुटका करायला आलो आहोत, असं गृहीत धरून तो बोलतो. ज्याला आपलं काम आवडतं, त्याला हा सूर पहिल्याच वाक्यात टोचतो.

फेब्रुवारी १९७५ मध्ये त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली. यापुढे जे काही घडलं ते या सावलीत घडलं. कॉलेजच्या माणसांनी त्या घराचं दार वाजवलं ते यानंतर काही आठवड्यांनी.

इंडियाना स्टेटची बाजू

बॉब किंग यांनी १९७५ मध्ये इंडियाना स्टेटची सूत्रं हाती घेतली. न्यू मेक्सिको युनिव्हर्सिटीत दहा वर्षं काढून त्यांनी एका दुर्लक्षित संघाला नाव मिळवून दिलं होतं, त्यामुळे लहान कॉलेज उभं करायचं गणित त्यांना पाठ होतं. त्यांचे सहायक बिल हॉजेस, इंडियानाच्याच मातीतले.

त्यांच्या हातात द्यायला काय होतं? शिष्यवृत्ती अगदी तीच: शुल्क, राहणं, जेवण, पुस्तकं. नियमाने सगळ्यांना एकच किंमत लावायला भाग पाडलं होतं. मोठं कॉलेज जास्त देऊ शकत नव्हतं आणि छोटं कमी देत नव्हतं. या एका नियमाने छोट्या कॉलेजाला जी संधी दिली, ती प्रशिक्षकाच्या कुठल्याही युक्तीपेक्षा मोठी होती. नाव, दूरदर्शनवरचे सामने, राष्ट्रीय विजेतेपदाची आशा, या सगळ्यांत ब्लूमिंग्टन पुढे होतं. टेरे होट घरापासून लांबसुद्धा होतं, ब्लूमिंग्टनच्या दीडपटीहून अधिक. म्हणजे घराजवळचं कॉलेज म्हणून त्याने इंडियाना स्टेट निवडलं, हेही खरं नाही.

खेळाचं गणित मात्र छोट्याच्या बाजूने होतं. मैदानावर एका वेळी पाच खेळाडू, सामना चाळीस मिनिटांचा, म्हणजे संघाकडे वाटायला दोनशे खेळाडू-मिनिटं. एकटा खेळाडू त्यातली अडतीस-चाळीस खाऊ शकतो. फुटबॉलमध्ये एक माणूस आणून संघ पालटत नाही, बास्केटबॉलमध्ये पालटतो. नाइट यांच्या संघात पाच जागांवर पुढे व्यावसायिक झालेली मुलं उभी होती. तिथे पहिल्या वर्षीच्या मुलाला चाळीसपैकी किती मिनिटं मिळाली असती हे कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं. इंडियाना स्टेट सांगू शकत होतं. छोट्या कॉलेजाने घरी जाताना हा आकडा खिशात ठेवून जायचा असतो: तुझ्या जागेवर आज कोण खेळतंय, तो केव्हा बाहेर पडतोय, तुला पहिल्या वर्षी साधारण किती मिनिटं मिळतील. आणि जे टिकणार नाही ते वचन द्यायचं नाही. बर्डच्या बाबतीत तर पहिलं वर्ष एकही मिनिट मिळणार नव्हतं. कॉलेज बदलणाऱ्याने एक हंगाम बाहेर बसायचं असा नियम होता, आणि ते त्याला आधीच सांगावं लागणार होतं.

धुलाईच्या दुकानासमोर

हॉजेस फ्रेंच लिकला गेले तेव्हा जॉर्जिया बर्ड यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. आमच्या मुलाला सुखाने राहू द्या, असा त्यांचा सूर होता. बहुतेक भरती इथे थांबते. माणूस गाडीत बसतो, वहीत नावापुढे काट मारतो, पुढच्या गावाला लागतो.

हॉजेस गावातच रेंगाळले. नाणी टाकून कपडे धुण्याचं एक दुकान होतं, तिथून धुतलेले कपडे घेऊन आजीबरोबर बाहेर पडणारा उंच मुलगा त्यांना दिसला. ते पुढे झाले आणि ओळख सांगितली. मुलाने टाळायचा प्रयत्न केला. आजी लिझी कर्न्स यांनी मात्र या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हरकत नाही असा कौल दिला. बोलणं आजीच्या घरी झालं.

प्रसंग एवढाच. पण त्यात कोण कुठे उभं आहे ते पाहण्यासारखं आहे. आई घरचा सगळा भार वाहणारी, वर्षभरात एकदा पोळलेली आणि नुकत्याच आलेल्या मृत्यूने खचलेली. तिच्याकडून होकार मागणं म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझं टाकणं होतं. आजीवर तो भार नव्हता. बर्ड लहानपणापासून आजीकडे बराच राहायचा, तिचा शब्द त्याच्यासाठी जड होता आणि तिला नकाराची घाई नव्हती. कुठल्याही घरात निर्णय कोण घेतं आणि निर्णयाला वाट कोण करून देतं, ही माणसं वेगळी असू शकतात. चांगला भरती करणारा दुसऱ्या माणसाला ओळखतो. हॉजेस यांना ते माणूस योगायोगाने भेटलं. पण नकारानंतर ते गावात थांबले नसते तर योगायोगही घडला नसता.

इथे एक खडा आम्हाला टोचतो आणि तो तसाच ठेवायला हवा. आईने नको म्हटल्यावर मुलाला रस्त्यात गाठणं योग्य होतं का? वडील जाऊन दोन-तीन महिने झालेल्या घरात शिरणं योग्य होतं का? मुलगा अठरा पूर्ण होता, बोलणं घरच्या वडीलधाऱ्या बाईसमोर झालं, तिच्या परवानगीने झालं, आणि त्याच दिवशी उत्तर मागितलं नाही. या तीन गोष्टींमुळे आम्ही हॉजेस यांच्या बाजूला झुकतो. यातली एक जरी नसती तर त्याला चिकाटी न म्हणता पिच्छा पुरवणं म्हणावं लागलं असतं. शेवट चांगला झाला म्हणून वाट चांगली होती असं मानायची सवय या धंद्यात फार आहे.

बोलण्यात हॉजेस यांनी काय केलं? कॉलेजची जाहिरात केली नाही. गावात आणखी कोण चांगलं खेळतं अशा गप्पा निघाल्या. बर्डने गावातल्या एका मोठ्या मुलाचं नाव घेतलं: कॉलेजला गेला असता तर तो फार चांगला खेळाडू झाला असता. हॉजेस यांनी एवढंच म्हटलं की एक दिवस लोक तुझ्याबद्दलही हेच म्हणतील. हे वाक्य लागलं, कारण ते मुलाच्याच तोंडून निघालेल्या गोष्टीवर उभं होतं. पाठ केलेल्या भाषणातून असं वाक्य निघत नाही. समोरचा बोलेपर्यंत गप्प बसता आलं तरच ते सापडतं.

ब्लूमिंग्टन का सोडलं याची उलटतपासणी घेणं हे अशा मुलाच्या बाबतीत हमखास चुकतं. तो लाजतो किंवा चिडतो. कारणं आधी त्याच्या प्रशिक्षकांकडून, शेजाऱ्यांकडून गोळा करायची आणि समोर बसल्यावर ती न उच्चारता उत्तरं द्यायची: वर्ग किती मुलांचे, हॉस्टेल ते जिम किती पावलं, संघातली कोणती मुलं छोट्या गावातली आहेत, हंगाम नसताना दुपारी कोण जिममध्ये असतं. टेरे होटला या प्रश्नांची उत्तरं ब्लूमिंग्टनपेक्षा सरस होती. विद्यार्थी एक तृतीयांशाच्या आसपास, आवार आटोपशीर.

बाहेर बसलेलं वर्ष आणि पुढे

१९७५-७६ च्या हंगामात बर्ड सामने खेळला नाही, सरावाला मात्र रोज होता. सरावात राखीव मुलं त्याच्या जोरावर मुख्य संघाला हरवायची. मुख्य संघाचा तो हंगाम १३ विजय, १२ पराभव. ब्लूमिंग्टनच्या त्या सहा-सात आठवड्यांशी हे वर्ष ताडून बघा. दोन्हीकडे सामने नाहीत. पण एका ठिकाणी चेंडू आणि माणसं रोज होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती. सक्तीने बाहेर बसवलेल्या वर्षाने त्याला कॉलेजात रुजू दिलं, अभ्यासाची घडी बसू दिली. नियम शिक्षेसारखा वाटायचा, या मुलाला तो औषध ठरला.

मग आकडे आपोआप बोलायला लागले. १९७६-७७ मध्ये २५ विजय, ३ पराभव, आणि बर्डची सरासरी ३२.८ गुण. हुलमन सेंटरच्या तिकिटांसाठी रांगा लागल्या. १९७८ मध्ये किंग यांची प्रकृती बिघडली आणि हॉजेस मुख्य प्रशिक्षक झाले. १९७८-७९ मध्ये संघ पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि हंगामातले सलग ३३ सामने जिंकून थेट अंतिम सामन्यात पोचला. २६ मार्च १९७९ ला सॉल्ट लेक सिटीत मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने त्यांना ७५-६४ असं हरवलं. बर्डचे २१ पैकी ७ च फटके गेले. अमेरिकेतल्या दूरदर्शनवर कॉलेज बास्केटबॉलच्या सामन्याला त्या रात्रीइतकी प्रेक्षकांची टक्केवारी मिळालेली नाही: टीव्ही असलेल्या घरांपैकी २४.१ टक्के.

याच काळात इंडियाना स्टेटने त्याला दुसऱ्यांदा राखलं, आणि ही लढाई पहिल्यापेक्षा अवघड होती. हायस्कूल संपून चार वर्षं झालेल्या खेळाडूला, त्याचं कॉलेजमधलं एक वर्ष शिल्लक असलं तरी, एनबीएचा संघ निवडू शकत असे. ब्लूमिंग्टनचं वाया गेलेलं वर्ष इथे हिशेबात आलं. १९७८ च्या जूनमध्ये बोस्टन सेल्टिक्सचे रेड ऑरबॅक यांनी त्याला सहाव्या क्रमांकावर निवडलं. करार करायला वर्षभराची मुदत होती. समोर एनबीएचा पैसा, मागे घरची परिस्थिती, आणि तरी बर्ड शेवटच्या वर्षासाठी टेरे होटला थांबला. १९७९ मध्ये शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि मगच पाच वर्षांसाठी साडेबत्तीस लाख डॉलरचा करार केला, तेव्हाच्या कुठल्याही नवख्यापेक्षा मोठा. पदवी पूर्ण करीन असा शब्द त्याने आईला दिला होता. घरातल्या माणसांशी कॉलेजने जोडलेलं नातं तीन वर्षांनी असं फळाला आलं.

काय टिकलं नाही

छोट्या कॉलेजाच्या विजयाची दुसरी बाजू लपवून हा अभ्यास पुरा होणार नाही. बर्ड गेल्यावर संघ झपाट्याने खाली आला. हॉजेस यांनी १९८२ मध्ये प्रशिक्षकपद सोडलं. राष्ट्रीय स्पर्धेची पुढची संधी थेट २००० साली आली, एकवीस वर्षांनी. एका खेळाडूने भरलेलं सभागृह त्याच्यामागून रिकामं होतं, जर त्याच तीन-चार वर्षांत पुढच्या दोन खेळाडूंचा शोध झालेला नसेल. बर्ड संघात असताना प्रत्येक सहायकाने भरतीच्या रस्त्यावर असायला हवं होतं, कारण तेव्हा प्रत्येक हायस्कूलचा मुलगा फोन उचलत होता. यशाच्या वर्षांत सगळेच सामन्यांत गुंततात. ही चूक इंडियाना स्टेटची एकट्याची नाही, पण किंमत त्यांनी मोठी मोजली.

आज हेच प्रकरण घडलं तर कुठे वळेल? किंमत आता सगळ्यांची सारखी राहिलेली नाही. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येतात, २०२५ पासून कॉलेजं थेट वाटाही देऊ शकतात. बाहेर बसण्याचं वर्ष २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरतं आणि २०२४ मध्ये जवळजवळ पूर्णपणे गेलं. १९७६-७७ चा तो २५-३ चा हंगाम आज झाला असता तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बर्डच्या घराबाहेर मोठ्या कॉलेजांची रांग लागली असती, हातात खरे आकडे घेऊन.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. २०२३-२४ मध्ये इंडियाना स्टेटने ३२ सामने जिंकले. चष्मा घालून खेळणारा, उंच असून पास देण्यात तरबेज असा रॉबी अविला त्यांचा कणा होता, आणि बर्डनंतर टेरे होट पहिल्यांदा एवढं पेटलं होतं. ४ एप्रिल २०२४ ला ते एनआयटी या दुय्यम राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेटन हॉलकडून ७९-७७ असे हरले. प्रशिक्षक जॉश शर्ट्झ सेंट लुईसला गेले. अविला आणि आयझाया स्वोप त्यांच्यामागे गेले, रायन कॉनवेल झेवियरला, ज्युलियन लॅरी आणि जेसन केंट टेक्सासला. अंतिम सामन्यात सुरुवातीला उतरलेले पाचही खेळाडू काही आठवड्यांत पाठोपाठ निघून गेले, आणि नवे प्रशिक्षक मॅथ्यू ग्रेव्ह्ज यांनी त्या उन्हाळ्यात संघ जवळजवळ मुळापासून जमवला.